स्क्रीनवर फोन नंबर दिसला, की ती फसवणूकच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सायबर फसवणुकीच्या बातम्या आपल्या दैनिकात जवळजवळ रोज असतात. किती लाख गेले, फिर्यादीचे वय काय, गुन्हा कोणत्या ठाण्यात नोंदला गेला, एवढे त्यातून कळते. शेवटी नागरिकांनी सावध राहावे, असे पोलिसांचे आवाहन असते. पण सावध राहायचे म्हणजे स्क्रीनवर नेमके काय पाहायचे आणि कोणते बटण दाबायचे, हे सहसा कुठे छापून येत नाही. कॉम्प्युटरच्या बनावट ‘टेक सपोर्ट’मध्ये, म्हणजे तांत्रिक मदतीच्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीत तर सगळा डाव स्क्रीनवर दिसणाऱ्या चार-पाच गोष्टींवर चालतो. त्या एकदा माहीत झाल्या, की समोरचा पुढे काय बोलणार हेही आधीच ओळखता येते. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत. लांबी सांभाळून घ्यावी, ही विनंती.

सुरुवात बहुतेक वेळा अशी होते. एखादे जुने गाणे, फुकटात पाहायचा सिनेमा, सरकारी योजनेचा अर्ज असे काहीतरी शोधताना भलत्याच जाहिरातीवर क्लिक होते आणि अख्खी स्क्रीन व्यापणारे निळे-पांढरे पान उघडते. वर मायक्रोसॉफ्टचे चौकोनी चिन्ह, ‘विंडोज डिफेंडर सिक्युरिटी सेंटर’ असे नाव, खाली सुरक्षेच्या कारणास्तव हा कॉम्प्युटर ब्लॉक केला आहे अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर. एकावर एक चौकटी उघडत जातात, कर्कश बीप वाजतो आणि ध्वनिमुद्रित आवाज सांगत राहतो की कॉम्प्युटर बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा. माउसचा बाणही कधी कधी गायब होतो. ‘कॅन्सल’ दाबले तरी पान हलत नाही.

हे पान म्हणजे व्हायरस नाही. ते एक साधे वेबपान आहे. स्क्रीन पूर्ण व्यापणे, आवाज वाजवणे, बाण लपवणे एवढे कोणतेही वेबपान ब्राउझरकडून करून घेऊ शकते. यूट्यूबचा व्हिडिओ स्क्रीनभर होतो तो याच सोयीने. चौकटीतली ‘ओके’, ‘कॅन्सल’ आणि फुलीची बटणे ही विंडोजची बटणे नसतात, ती त्या पानावरच काढलेली असतात. म्हणून त्यांतल्या कशावरही क्लिक केले तरी पान पुन्हा स्क्रीनभर पसरते आणि कॉम्प्युटर खरोखरच अडकला, असे वाटू लागते. ओळखण्याची खूण एकच आणि ती पुरेशी आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एररमध्ये किंवा धोक्याच्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो, असे कंपनीनेच जाहीर केलेले आहे. विंडोज खरोखर कोलमडते तेव्हा येणाऱ्या निळ्या स्क्रीनवर (विंडोज ११ मध्ये ती आता काळी झाली आहे) स्टॉप कोड, म्हणजे बिघाडाचा सांकेतिक शब्द, असतो. तिथेही फोन नंबर नसतो.

पान घालवायचे तर पानावर कुठेही क्लिक करू नये. एस्केपचे बटण दोन-तीन सेकंद दाबून धरावे. स्क्रीनभर पसरलेले पान आकसते आणि वर टॅब दिसू लागतात. मग कंट्रोल आणि डब्ल्यू एकत्र दाबले की तो टॅब बंद होतो. तसे झाले नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, यादीत क्रोम किंवा एज जे असेल ते निवडावे आणि ‘एंड टास्क’ करावे. ॲपलच्या मॅकवर हेच काम कमांड, ऑप्शन आणि एस्केप करतात. काहीच दाद देत नसेल तर पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरले तरी चालते. पुढच्या वेळी ब्राउझर उघडल्यावर आधीची पाने परत उघडू का, असे तो विचारतो. तिथे नाही म्हणायचे. काहींच्या ब्राउझरमध्ये आधीची पाने आपोआप उघडण्याची सेटिंग असते. त्यांनी आधी वायफाय बंद करावे, मग ब्राउझर उघडून तो टॅब काढावा, नाहीतर तेच पान पुन्हा पुढ्यात येते आणि माणूस घाबरून फोन लावतोच.

ब्राउझर बंद असतानाही उजव्या कोपऱ्यात ‘पाच व्हायरस सापडले’ अशा पट्ट्या येत असतील, तर कुठल्या तरी साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिली गेली आहे, एवढेच समजावे. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स इथे परवानगी मिळालेल्या साइटची यादी असते. अनोळखी नावे काढून टाकली की पट्ट्या थांबतात. यासाठी कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत.

फोन लावला, तर पुढे जे होते ते शाळेतल्या पाठांतरासारखे ठरलेले आहे. समोरचा ‘सर्टिफाइड इंजिनिअर’ गोड बोलतो आणि तुमचा कॉम्प्युटर किती बिघडला आहे ते तुम्हालाच दाखवतो म्हणतो. पहिला प्रयोग बहुधा इव्हेंट व्ह्यूअरचा. विंडोज आणि आर ही बटणे दाबून तो एक शब्द टाइप करायला सांगतो, आणि लाल गोळे व पिवळ्या त्रिकोणांची भलीमोठी यादी उघडते. प्रत्येक लाल गोळा म्हणजे एकेक हॅकर, असे सांगितले जाते. ही यादी विंडोजची रोजनिशी आहे. प्रिंटर बंद होता, नेट क्षणभर गेले, एखादी सेवा उशिरा सुरू झाली, असल्या बारीकसारीक गोष्टीही तिच्यात लाल-पिवळ्या खुणांनी नोंदल्या जातात. कालच विकत घेतलेल्या कॉम्प्युटरवरही ती भरलेली दिसेल. तिच्यात १००१६ क्रमांकाची ‘डिस्ट्रिब्युटेडकॉम’ची नोंद हमखास असते, आणि तिच्याकडे खुशाल दुर्लक्ष करा, असे खुद्द मायक्रोसॉफ्टने लिहून ठेवले आहे.

दुसरा प्रयोग अधिक बेरकी आहे. काळ्या कमांड विंडोमध्ये ‘असॉक’ (assoc) ही आज्ञा चालवतात. झरझर ओळी सरकतात आणि अगदी शेवटच्या ओळींत ८८८ ने सुरू होणारा आणि ६२ ने संपणारा एक लांबलचक क्रमांक येतो. समोरचा सांगतो, हा तुमच्या कॉम्प्युटरचा खासगी लायसन्स क्रमांक. मी आता तो वाचून दाखवतो, म्हणजे मी मायक्रोसॉफ्टचाच माणूस आहे अशी तुमची खात्री पटेल. आणि तो एकेक अक्षर बिनचूक वाचतो. भलेभले इथे विश्वास ठेवतात. खरे तर तो क्रमांक विंडोजच्या ‘सेंड टू’ या सोयीतल्या एका फाइल प्रकाराचा आहे आणि जगातल्या प्रत्येक विंडोज कॉम्प्युटरवर तोच असतो. शेजारच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर ही आज्ञा चालवून पाहावी. तिथेही तोच निघेल.

बाकीचे प्रयोग याच जातीचे. ‘नेटस्टॅट’ने कॉम्प्युटर सध्या कोणकोणत्या सर्व्हरशी जोडलेला आहे ते दिसते, तिथल्या ‘फॉरिन ॲड्रेस’ या रकान्याकडे बोट दाखवून परदेशी हॅकर आत बसलेत, असे सांगतात. उघडलेल्या प्रत्येक साइटचा पत्ता त्या रकान्यात येतच असतो. ‘ट्री’ ही आज्ञा फक्त फोल्डरांची नावे ओळीने छापते. ती धावत असताना समोरचा ‘व्हायरस सापडला’ असे गुपचूप टाइप करून ठेवतो आणि यादी संपली की ते शब्द खाली उमटतात. नीट पाहिले तर ते शब्द बाणाच्या खुणेपुढे, म्हणजे जिथे माणूस टाइप करतो तिथे असतात. सर्व्हिसेसच्या यादीत काही सेवा बंद दिसतात, त्याचेही असेच भांडवल करतात. विंडोजमधल्या कितीतरी सेवा गरज पडेल तेव्हाच सुरू होतात.

हे सगळे दाखवायला त्याला आधी आत यावे लागते, आणि त्याला आत घेण्याचे काम तुमच्याच हातून करून घेतले जाते. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर, स्क्रीनकनेक्ट किंवा विंडोजमध्येच असलेले क्विक असिस्ट, यांपैकी दुरून कॉम्प्युटर चालवू देणारे काहीतरी ॲप उघडायला सांगतात आणि त्यातला नऊ-दहा आकडी क्रमांक विचारतात. क्विक असिस्टमध्ये उलट तेच तुम्हाला सहा अक्षरी कोड देतात. ही ॲप मुळात वाईट नाहीत. आमच्या व्यवसायातली निम्मी कामे त्यांच्यावर होतात. पण ‘ॲक्सेप्ट’ दाबल्यापासून तुमचा माउस त्याच्या हातात असतो. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, टॅलीचा डेटा, डेस्कटॉपवर ठेवलेला पॅनकार्डाचा फोटो हे सगळे त्याच्यापुढे उघडे पडते. मोबाइलवर हेच ॲप घेतले तर आलेला ओटीपीही त्याला दिसतो. तुम्ही तोंडाने सांगायची गरज उरत नाही. एनीडेस्कमार्फत यूपीआयची खाती रिकामी केली जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना दिला होता.

पैसे काढण्याचे दोन मार्ग आहेत. एक साधा: पाच वर्षांचे ‘सिक्युरिटी पॅकेज’ विकायचे आणि नेटबँकिंगने पैसे भरताना पासवर्ड टिपायचा. दुसरा मार्ग रिफंडचा, आणि मोठ्या रकमा यातच जातात. काही महिन्यांनी फोन येतो की आमची कंपनी बंद होतेय, तुमचे पैसे परत करायचे आहेत. किंवा तुमच्या अँटिव्हायरसचे आपोआप नूतनीकरण झाले, रद्द करायचे तर या नंबरवर बोला, अशी पीडीएफ ईमेलने येते. मग एनीडेस्क सुरू होते, तुमच्याकडून नेटबँकिंग उघडून घेतले जाते आणि ‘सर्व्हरचे काम चाललेय’ म्हणून स्क्रीन काही सेकंद काळी केली जाते. उजेड येतो तेव्हा खात्यात दोन हजारांऐवजी दोन लाख जमा झालेले दिसतात. समोरचा रडकुंडीला येतो: साहेब, चुकून दोन शून्ये जास्त पडली, माझी नोकरी जाईल, वरचे परत पाठवा. इथे चांगल्या मनाचा माणूस फसतो. त्या काळोखात त्याने एफ-१२ दाबून बँकेच्या पानावरचा आकडा फक्त दिसण्यापुरता बदललेला असतो, किंवा तुमच्याच मुदतठेवीतली रक्कम मोडून बचत खात्यात आणलेली असते. पान रिफ्रेश केले तर बदललेला आकडा पुसला जातो. म्हणूनच तो एफ-५ दाबू देत नाही. शिल्लक त्या कॉम्प्युटरवर न पाहता दुसऱ्या फोनवरून किंवा बँकेत जाऊन तपासावी. आणि रिफंड द्यायला कुणालाही तुमची स्क्रीन, यूपीआय पिन किंवा ओटीपी लागत नाही.

कंपनीच्या मदतीचा नंबर शोधतानाही काळजी हवी. तांत्रिक मदत विकणाऱ्या तिसऱ्याच कंपन्यांच्या जाहिरातींवर गुगलने २०१८ मध्ये निर्बंध आणले, बिंगने त्याआधी २०१६ मध्ये. तरी प्रिंटर बसवायचा म्हणून नंबर किंवा ड्रायव्हर शोधणारे लोक नकली पानांवर पोचतातच. तिथे ‘ड्रायव्हर’ डाउनलोड होतो, ८०-९० टक्क्यांवर अडकतो आणि एरर येते. सोबत अर्थातच फोन नंबर. तो ड्रायव्हर अडकण्यासाठीच बनवलेला असतो. २०२५ मध्ये एक आणखी चलाख प्रकार उघड झाला. जाहिरातीवर क्लिक केल्यावर कंपनीची अस्सल साइट उघडते, पत्त्याच्या पट्टीत पत्ताही अस्सल असतो, पण त्या साइटच्या शोधचौकटीत ठगांचा नंबर आधीच भरलेला असतो, आणि कंपनीनेच तो दिल्यासारखा पानावर ठळक दिसतो. त्यामुळे ‘पत्ता तपासा’ हा जुना सल्ला एकटा पुरत नाही. नंबर घ्यायचा तो बिलावरचा, वॉरंटी कार्डावरचा किंवा खोक्यावरचा. बँकेचा असेल तर डेबिट कार्डाच्या मागचा.

जवळचाच आणखी एक प्रकार सध्या वाढला आहे. ‘मी रोबोट नाही’ असे विचारणारी चौकट येते आणि खात्रीसाठी विंडोज व आर, मग कंट्रोल व व्ही, मग एंटर दाबा, असे सांगते. पानाने तुमच्या नकळत एक आज्ञा कॉपी करून ठेवलेली असते. तीन वेळा बटणे दाबून तुम्हीच ती चालवता आणि पासवर्ड चोरणारा प्रोग्राम खरोखर आत येतो. खरी कॅप्चा चित्रे निवडायला लावते, खूण करायला लावते. ब्राउझरच्या बाहेर काहीही करायला सांगत नाही. एवढे घरातल्या मुलांनाही सांगून ठेवावे, गेम शोधताना तीच जास्त अडकतात.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे खरे आहे. पण त्यासाठी मायक्रोसॉफ्ट कुणाला फोन करत नाही. ‘तुमचे विंडोज आजपासून बंद पडणार’ असा फोन आला तर तो ठेवून द्यावा आणि अपग्रेड होते का ते सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये स्वतः पाहावे.

हा धंदा आपल्या दारातच चालतो, हेही लिहिले पाहिजे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’खाली देशभरात ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या, त्यातले काही गुन्हे ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टच्या तक्रारींवरून दाखल झाले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, हैदराबाद, अहमदाबाद आणि विशाखापट्टणम इथे छापे पडून २६ जणांना अटक झाली. तिथून लुबाडले जात होते ते प्रामुख्याने अमेरिकेतले लोक. एफबीआयकडे २०२४ या एका वर्षात टेक सपोर्टच्या फसवणुकीच्या ३६ हजार तक्रारी आल्या आणि त्यांतले नुकसान सुमारे १४६ कोटी डॉलर होते. बळींमध्ये ज्येष्ठ नागरिक जास्त. मुलांकडे न्यू जर्सीला किंवा टेक्सासला गेलेले आपले आईवडील दिवसभर घरी एकटेच लॅपटॉपवर असतात, त्यांनाही हेच पान दिसते. तिथे पैसे गिफ्ट कार्डाच्या रूपात मागतात. दुकानातून कार्ड आणून मागचा क्रमांक वाचायला सांगितला, की तिथेच थांबावे. आणि कॉलेज संपवून नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींच्या घरच्यांना एक कळकळीची विनंती: रात्रपाळी, परदेशी नाव घेऊन बोलायचे, रोख कमिशन आणि नियुक्तिपत्राचा पत्ता नाही अशी ‘सपोर्ट’ची नोकरी असेल तर मुलांना ती धरू देऊ नका. छापा पडतो तेव्हा फोनवर बोलणारेही पकडले जातात.

एवढे करूनही कुणी आत शिरलाच, तर क्रम महत्त्वाचा आहे. आधी राउटर बंद करावा किंवा नेटची वायर काढावी; समोरच्याला फोनवर जाब विचारत बसू नये, तेवढ्या वेळात तो काम उरकतो. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून नेटबँकिंग, यूपीआय आणि कार्ड थांबवावे. लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करावा. रक्कम, तारीख-वेळ, आपला खाते क्रमांक आणि बँकेच्या एसएमएसमधला व्यवहार क्रमांक जवळ ठेवावा. तो मिळाला की पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते गोठवता येतात. पैसे चार-पाच खात्यांतून फिरून एटीएममधून निघाले, की हा उपाय संपतो. म्हणून आधी मुलाला विचारू, सकाळी बघू, असे करू नये. हीच तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवरही नोंदता येते. बँकेला कळवल्याची वेळही लिहून ठेवावी. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तर कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. दहा मिनिटांचा फरकही इथे मोजला जातो.

कॉम्प्युटरचे काय करायचे? ॲपच्या यादीतून रिमोटचे प्रोग्राम काढावेत. हे लोक एक काढले तर दुसरे असावे म्हणून दोन-तीन टाकून ठेवतात, आणि परवानगी न विचारता आत येण्याचा पासवर्डही बसवतात. नवे वापरकर्ता खाते तयार केले आहे का तेही पाहावे. आमचे मत विचाराल तर कामाच्या फाइल बाहेर काढून विंडोज नव्याने बसवणेच बरे. पासवर्ड बदलायचे ते त्या कॉम्प्युटरवर नव्हे, दुसऱ्या साधनावर, आणि आधी ईमेलचा, कारण बाकी सगळ्यांची किल्ली तिथे असते. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर उघडून आपली पत्रे गुपचूप दुसरीकडे जात नाहीत ना, ते बघायला बहुतेक जण विसरतात.

आधीच करून ठेवण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत. घरातल्या ज्येष्ठांना विंडोजमध्ये ‘स्टँडर्ड’ खाते काढून द्यावे आणि ॲडमिनचा पासवर्ड दुसऱ्याकडे ठेवावा. एनीडेस्क इन्स्टॉल न करताही चालते, त्यामुळे स्क्रीन दिसणे याने थांबत नाही. पण ज्याला ॲडमिनचा पासवर्ड लागतो असे काही बसवता येत नाही. एज ब्राउझरच्या प्रायव्हसीच्या सेटिंग्जमध्ये ‘स्केअरवेअर ब्लॉकर’ ही अशी भीती घालणारी पाने अडवणारी सोय आहे, तो चालू असल्याची खात्री करावी. छोट्या कार्यालयांत आणि पतसंस्थांत नेटबँकिंगच्या कॉम्प्युटरवर सिनेमा-गाणी शोधू नयेत आणि डिजिटल सहीचा डोंगल काम झाल्यावर काढून कुलपात ठेवावा. तो दिवसभर लावून ठेवण्याची सवय फार ठिकाणी दिसते. मॉनिटरच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवावी: १९३०, बँकेचा नंबर, ओळखीच्या दुरुस्ती करणाऱ्याचा नंबर. घाबरलेला माणूस डोळ्यांसमोरचा नंबर फिरवतो. तेव्हा डोळ्यांसमोर खरा नंबर असू द्यावा.

आपल्याकडे मागणे एवढेच, की अशा प्रत्येक बातमीसोबत बनावट पानाचे चित्र आणि १९३० हा नंबर चौकटीत छापावा. आणि फसवणूक झाल्यावर पुढच्या काही आठवड्यांत जो फोन येतो त्याबद्दलही लिहावे. ‘तुमचे बुडालेले पैसे सापडले आहेत, सोडवून घ्यायला प्रक्रिया शुल्क भरा’ असे सांगणारा स्वतःला वकील किंवा सायबर पोलीस म्हणवतो, आणि किती रुपये गेले ते त्याला अचूक माहीत असते, कारण फसलेल्यांच्या याद्या ही मंडळी एकमेकांना विकतात. गोठवलेली रक्कम परत मिळते ती बँक, पोलीस आणि गरज पडल्यास न्यायालयामार्फत. त्यासाठी फोनवर शुल्क कुणीही मागत नाही.

कळावे,
आपले,
संगणक दुरुस्ती व देखभालीच्या व्यवसायातील काही वाचक,
कोल्हापूर